मोठ्या आतड्याचा कॅन्सर: रिपोर्टमधले नोड आणि गाठीची जनुकं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नागपुरातले धंतोली-रामदासपेठेतले दवाखाने असोत, मेडिकल-मेयोची ओपीडी असो, तुकडोजी हॉस्पिटल असो की जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, ऑपरेशननंतर आठ-दहा दिवसांनी नातेवाइकांच्या हाती पडणारा हिस्टोपॅथॉलॉजीचा (काढलेल्या भागाच्या तपासणीचा) कागद सगळीकडे जवळपास सारखाच असतो. त्यात एक ओळ असते, ‘तपासलेले लिम्फ नोड इतके, बाधित इतके’. दुसरी ओळ कधी त्याच कागदावर, कधी पुढच्या आठवड्यात वेगळ्या कागदावर येते, ‘एमएमआर प्रोटीन’ किंवा ‘एमएसआय’ (गाठीत डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा शाबूत आहे का, याची तपासणी). या दोन ओळी बहुतेक वेळा वेगवेगळ्या वाचल्या जातात. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. माझं ठाम मत आहे की त्या शेजारी शेजारी ठेवूनच वाचायला हव्यात. खालचे प्रश्न विदर्भातून आणि छिंदवाडा-बालाघाटकडून येणाऱ्या कुटुंबांनी पुन्हा पुन्हा विचारलेले आहेत.

नोड म्हणजे नेमकं काय? आणि ते मोजायचे कशाला?

नोड म्हणजे लसिका ग्रंथी. आतड्याच्या शिरा-धमन्या चरबीच्या एका पडद्यातून जातात. त्याच पडद्यात, रक्तवाहिन्यांच्या कडेकडेने या ग्रंथी असतात. आतड्यातून निघालेला लसिका द्रव त्यांच्यातून गाळला जातो आणि द्रवाबरोबर सुटलेल्या कॅन्सरच्या पेशी बऱ्याचदा तिथे अडकतात. म्हणून सर्जन फक्त गाठ काढत नाहीत, त्या भागाची चरबीही मुळापासून काढतात. आमच्याकडे आलं की ती चरबी आम्ही पातळ काप करून बोटांनी चाचपतो, त्यातून एकेक नोड वेगळा काढतो आणि मायक्रोस्कोपखाली पाहतो.

आजार दूरच्या अवयवात पसरला असेल तर ती चौथी स्टेज. तसं नसेल आणि नोड स्वच्छ असतील तर आजार पहिल्या किंवा दुसऱ्या स्टेजचा, एकातही कॅन्सर सापडला तर तिसऱ्या स्टेजचा. किमो द्यायची की नाही, हा निर्णय बऱ्याच अंशी या एका रेषेवर होतो.

रिपोर्टमध्ये एन१, एन२ असं लिहिलंय. त्याचा अर्थ?

एन० म्हणजे एकही नोड बाधित नाही. १ ते ३ नोड बाधित असतील तर एन१, ४ किंवा जास्त असतील तर एन२. त्यापुढचे ए, बी हे उपप्रकार आहेत: एन१ए म्हणजे एक नोड, एन१बी म्हणजे दोन किंवा तीन, एन२ए म्हणजे चार ते सहा, एन२बी म्हणजे सात किंवा अधिक.

किमान १२ नोड तपासायला हवेत असं म्हणतात. हा बाराचा आकडा कुठून आला?

१९९० साली सिडनीत झालेल्या जागतिक गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजी परिषदेच्या कार्यगटाने तो सुचवला आणि पुढे बहुतेक मार्गदर्शक सूचनांनी तो उचलला. आकड्यामागचं गणित समजून घेण्यासारखं आहे. समजा, काढलेल्या चरबीत एकूण २० नोड आहेत आणि त्यांतल्या ३ नोडमध्ये कॅन्सर आहे. आम्हाला त्यातले सहाच सापडले, तर तिन्ही बाधित नोड हातून निसटण्याची शक्यता जवळपास ३२ टक्के, म्हणजे तीनातली एक. बारा सापडले तर तीच शक्यता ५ टक्क्यांच्या आसपास येते. तिसऱ्या स्टेजचा रुग्ण चुकून दुसऱ्या स्टेजचा ठरू नये, यासाठीचं हे संरक्षण आहे.

पण बारा हा किमान आकडा आहे. बारा मिळाले की शोध थांबवायचा, असा त्याचा अर्थ कधीच नव्हता. चरबीत असतील तितके सगळे नोड काढायचे असतात.

आमच्या बाबांच्या रिपोर्टात नऊच नोड सापडले असं म्हणून राहिले. मग ऑपरेशन अर्धवट झालं का?

एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. संख्या कमी येण्याची कारणं अनेक असतात आणि त्यांतली काही कुणाच्याच हातात नसतात.

वय वाढलं की नोड बारीक होतात, त्यांत चरबी भरते. उजव्या बाजूच्या आतड्याच्या ऑपरेशनमध्ये नोड सहसा जास्त मिळतात, डाव्या बाजूला कमी. किती लांबीचं आतडं काढलं आणि रक्तवाहिनी किती मुळाशी बांधली, यावर बरंच ठरतं. गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये आधी रेडिएशन दिलेलं असेल तर नोड आक्रसतात. लठ्ठ रुग्णाच्या चरबीत तीन मिलिमीटरचा, तुरीच्या डाळीएवढा नोड शोधणं खरोखर कष्टाचं काम आहे. आणि हो, काही वेळा आम्ही पॅथॉलॉजिस्टच पुरेसं खोल शोधलेलं नसतं. हे उघडपणे म्हणायला हवं, कारण यावर उपाय आहे: उरलेला नमुना फॉर्मलिनमध्ये जपून ठेवलेला असतो. सर्जन किंवा ऑन्कॉलॉजिस्टने लॅबला फोन करून “पुन्हा एकदा चरबी पाहता का?” असं विचारलं, तर आम्ही पुन्हा काप घेतो. चरबी विरघळवणारं द्रावण वापरलं तर बारीक नोड पांढरे, ठळक दिसू लागतात. बारीक म्हणून ते सोडून चालत नाही, कारण बाधित नोडपैकी बरेच ५ मिलिमीटरपेक्षा लहान असतात. अशा फेरशोधानंतर पुरवणी रिपोर्ट निघतो. तो मागायला संकोच करू नका. मात्र उशीर झाला तर नमुना टाकून दिलेला असू शकतो, म्हणून रिपोर्ट हाती आल्याच्या आठवड्यातच विचारा.

पुन्हा शोधूनही नऊच मिळाले, तरी स्टेज एन० असाच लिहिला जातो. फक्त त्या ‘शून्या’वर किती भरवसा ठेवायचा, हे ऑन्कॉलॉजिस्ट इतर गोष्टींबरोबर तोलतात. त्या इतर गोष्टींत जनुकं येतात.

गाठीच्या जनुकांचा आणि नोडच्या संख्येचा संबंध कसा काय?

पेशी दुभंगताना तिच्या डीएनएची नक्कल होते आणि नक्कल करताना चुका होतात. जिथे तीच तीच अक्षरं ओळीने पुन्हा येतात, त्या जागी (त्यांना मायक्रोसॅटेलाइट म्हणतात) चूक होण्याची शक्यता सर्वांत जास्त. या चुका दुरुस्त करणारी चार मुख्य जनुकं आहेत: एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२. त्यांतलं एखादं बंद पडलं की चुका साचत जातात. अशा गाठीला ‘एमएमआर डेफिशियंट’ किंवा ‘एमएसआय-हाय’ म्हणतात. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये अशा गाठी साधारण १५ टक्के.

साचलेल्या चुकांमुळे गाठीच्या पेशी वेडीवाकडी प्रथिनं बनवतात आणि शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीला ती परकी वाटतात. मग लिम्फोसाइट पेशी गाठीवर चाल करून येतात. मायक्रोस्कोपखाली हे चित्र पाहताच ओळखू येतं: गाठीच्या पेशींच्या आत शिरलेले लिम्फोसाइट आणि गाठीच्या कडेने त्यांचे पुंजके. हीच धावपळ जवळच्या नोडमध्येही चालू असते. तिथे लिम्फोसाइटची संख्या वाढते, नोड फुगतो, घट्ट होतो, बोटाला सहज लागतो. साहजिकच आम्हाला जास्त नोड सापडतात. अनेक अभ्यासांमध्ये एमएसआय-हाय गाठींबरोबर जास्त नोड मिळाल्याचं दिसलं आहे. या गाठी बऱ्याचदा उजव्या बाजूला असतात आणि उजव्या बाजूला मुळातच नोड जास्त मिळतात, हाही भाग त्यात आहे.

आता यातला महत्त्वाचा मुद्दा. नोड जास्त सापडतात, पण त्यांत कॅन्सर कमी वेळा सापडतो. पाश्चात्त्य देशांतल्या आकडेवारीत दुसऱ्या स्टेजच्या रुग्णांपैकी साधारण २० टक्के एमएसआय-हाय असतात, तिसऱ्या स्टेजमध्ये १२ टक्क्यांच्या आसपास, चौथ्या स्टेजमध्ये ४-५ टक्के. स्टेज चढत जाते तसा त्यांचा वाटा घटत जातो, म्हणजेच या गाठी पसरायला तुलनेने कमी धजतात. त्यामुळे रिपोर्टमध्ये ‘२८ पैकी ०’ असं दिसलं तर त्याचं श्रेय सर्जनच्या हाताला आहे, पॅथॉलॉजिस्टच्या चिकाटीला आहे आणि काही अंशी गाठीच्या जनुकांनाही आहे. उलट ‘९ पैकी ०’ दिसलं तर तेवढ्यावरून कुणावर बोट रोखायची घाई नको.

हॉस्पिटलचा दर्जा केवळ नोडच्या सरासरी संख्येवरून ठरवू नये असं मला वाटतं, ते याच कारणाने. पण गाठीचा स्वभावच तसा आहे म्हणून कमी शोधलं तरी चालेल, ही पळवाटही मी कुणाला देणार नाही.

ऑपरेशनआधी सीटी स्कॅनमध्ये ‘नोड मोठे झालेत’ असं आलं होतं, पण नंतर एकही बाधित निघाला नाही. स्कॅन चुकला का?

स्कॅन चुकला नाही, नोड खरंच मोठे होते. सीटीला आकार दिसतो, आतल्या पेशी दिसत नाहीत. एमएमआर डेफिशियंट गाठींमध्ये नोड प्रतिकारामुळे सुजतात आणि सीटीवर बाधित वाटतात. अशा रुग्णांची स्टेज सीटीवर खऱ्यापेक्षा वरची दिसण्याचं प्रमाण जास्त आहे. कोलोनोस्कोपीच्या बायोप्सीवरच एमएमआर करून घेतलं असेल, तर रेडिओलॉजिस्ट आणि सर्जन त्या मोठ्या नोडकडे सावधपणे पाहतात.

एमएमआरचा रिपोर्ट कसा वाचायचा? ‘पॉझिटिव्ह’ लिहिलंय, आम्ही घाबरलो.

इथे फार लोकांचा गोंधळ होतो. ही तपासणी चार प्रथिनांना रंग देऊन केली जाते. रंग आला म्हणजे प्रथिन जागेवर आहे, जनुक काम करतंय. त्यामुळे चारही ‘पॉझिटिव्ह’, ‘प्रिझर्व्ह्ड’ किंवा ‘इंटॅक्ट’ असतील तर दुरुस्तीची यंत्रणा शाबूत आहे, गाठ नेहमीच्या प्रकारची आहे. ‘लॉस’ लिहिलं असेल तर ते प्रथिन नाहीसं झालंय.

प्रथिनं जोडीने जातात. एमएलएच१ गेलं की सहसा पीएमएस२ही जातं, एमएसएच२ गेलं की एमएसएच६ही. पहिली जोडी गेली असेल तर पुढची पायरी बीआरएएफ व्ही६००ई (गाठीच्या बीआरएएफ जनुकातला एक ठरावीक बदल) किंवा एमएलएच१ मिथायलेशन (रासायनिक खूण बसून जनुक बंद पडणं) तपासण्याची. त्यांतलं काही सापडलं तर बदल बहुधा गाठीपुरताच आहे, उतारवयात असं होतं. ते सापडलं नाही किंवा दुसरी जोडी गेली, तर आनुवंशिक लिंच सिंड्रोमचा (दुरुस्तीच्या जनुकातला दोष आई-वडिलांकडून येण्याचा) विचार करावाच लागतो.

नोड १२ पेक्षा कमी, दुसरी स्टेज, आणि एमएसआय-हाय. मग किमो घ्यायची की नाही?

दोन तत्त्वं इथे समोरासमोर येतात. दुसऱ्या स्टेजमध्ये १२ पेक्षा कमी नोड तपासले गेले असतील तर तो धोक्याचा घटक मानतात आणि किमोकडे कल जातो. आतडं अडणं किंवा फुटणं, टी४ गाठ (टी म्हणजे गाठ आतड्याच्या भिंतीत किती खोल गेली; टी४ सर्वांत खोल), रक्तवाहिनीत किंवा मज्जातंतूत शिरकाव हेही तसेच घटक. दुसरीकडे, दुसऱ्या स्टेजच्या एमएमआर डेफिशियंट गाठीत नुसत्या फ्लुओरोयुरासिल किंवा कॅपेसिटाबिन या किमोच्या औषधांचा फायदा दिसलेला नाही आणि मुळात या रुग्णांचा पुढचा प्रवास चांगला असतो. म्हणून अशा रुग्णाला ‘नोड कमी आहेत, गोळ्यांची किमो घेऊन टाका’ असं सरसकट सांगणं योग्य नाही. नमुना पुन्हा तपासायला सांगणं हे इथलं पहिलं पाऊल. त्यानंतर टी४ वगैरे दुसरा कुठला धोका आहे का, हे पाहून ट्यूमर बोर्डात (वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या एकत्र बैठकीत) निर्णय व्हावा.

दुसऱ्या स्टेजमध्ये रक्तातला ट्यूमर डीएनए तपासून किमो ठरवण्याचा मार्गही पुढे आला आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या डायनॅमिक चाचणीत या पद्धतीने किमो घेणाऱ्यांचं प्रमाण २८ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आलं आणि आजार उलटण्याच्या बाबतीत रुग्णांचं नुकसान झालं नाही.

एक-दोन नोड बाधित आहेत. सहा महिने किमो घ्यावीच लागेल?

कदाचित तीनच. २०१८ साली आलेल्या आयडिया या मोठ्या एकत्रित अभ्यासात तिसऱ्या स्टेजचे रुग्ण दोन गटांत पाहिले गेले. टी१ ते टी३ आणि एन१ असेल तर तीन महिन्यांचं कॅपॉक्स (कॅपेसिटाबिन आणि ऑक्सालिप्लाटिन) बहुतेकांना पुरतं. टी४ किंवा एन२ असेल तर सहसा सहा महिने. ऑक्सालिप्लाटिनमुळे हातापायांना येणारी बधिरता तीन महिन्यांत कितीतरी कमी राहते. चरबीतून तीन नोड बाधित निघाले की चार, यावर माणसाच्या आयुष्यातले तीन महिने ठरू शकतात. मोजणी काटेकोर का हवी, हे यावरून लक्षात येईल.

तिसऱ्या स्टेजमध्ये गाठ एमएमआर डेफिशियंट असेल तर आणखी एक वळण येतं. २०२५ मध्ये मांडल्या गेलेल्या अ‍ॅटॉमिक चाचणीत किमोबरोबर अ‍ॅटेझोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं (रोगप्रतिकारशक्तीला चालना देणारं) औषध दिलेल्या रुग्णांमध्ये आजार उलटण्याचं प्रमाण कमी झालं. औषध महाग आहे, त्याबद्दल ऑन्कॉलॉजिस्टशी मोकळेपणी बोला.

केआरएएस आणि बीआरएएफ कशासाठी तपासतात? त्यांचाही नोडशी संबंध आहे का?

केआरएएस हेही गाठीतलं एक जनुक. त्यातला बदल साधारण ४० टक्के रुग्णांत सापडतो. तो प्रामुख्याने चौथ्या स्टेजमध्ये कामाचा: बदल असेल तर सेटक्सिमॅब, पॅनिटुमुमॅब ही औषधं सहसा लागू पडत नाहीत. पहिल्या तीन स्टेजमध्ये किमो द्यायची की नाही, हे त्यावर ठरत नाही. बीआरएएफ व्ही६००ई हा बदल एमएमआर शाबूत असलेल्या गाठीत असेल तर आजार आक्रमक असतो, नोडपर्यंतही लवकर पोचतो. मात्र नोडच्या एकूण संख्येशी एमएसआयचं नातं जितकं स्पष्ट आहे, तितकं या दोघांचं नाही.

नोडमधल्या कॅन्सरची जनुकं मूळ गाठीसारखीच असतात का?

एमएमआरचा दोष किंवा केआरएएससारखे बदल गाठीच्या आयुष्यात लवकर होतात, त्यामुळे बहुतेक वेळा दोन्हीकडे तेच सापडतात. गाठीचा नमुना पुरेसा नसेल तर बाधित नोडवर तपासणी करता येते, ती यामुळेच.

पण खोलात गेलं की चित्र बदलतं. २०१७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात १७ रुग्णांचा एक अभ्यास आला. त्यात नोडमधला कॅन्सर आणि यकृतासारख्या दूरच्या अवयवातला कॅन्सर यांची जनुकीय वंशावळ मांडली होती. ६५ टक्के रुग्णांत या दोघांचा उगम मूळ गाठीच्या वेगवेगळ्या शाखांतून झालेला निघाला. म्हणजे कॅन्सर आधी नोडमध्ये जातो आणि तिथूनच पुढे पसरतो, ही आपली सरधोपट समजूत प्रत्येकाला लागू नाही. नोड काढायचे ते त्यातला कॅन्सर काढून टाकण्यासाठी आणि गाठीचा स्वभाव ओळखण्यासाठी. एन० असूनही काहींना पुढे यकृतात आजार का दिसतो आणि त्यामुळे फॉलोअप का चुकवायचा नाही, हेही यातून कळतं.

सगळे नोड निगेटिव्ह, तरी तिसरी स्टेज लिहिली. टायपिंगची चूक आहे का?

बहुधा नाही. चरबीत कॅन्सरचा सुटा पुंजका सापडला, पण त्याभोवती नोडची रचना दिसत नसेल, तर त्याला ट्यूमर डिपॉझिट म्हणतात. असा एकही असला तर एन१सी, म्हणजे तिसरी स्टेज.

ऑपरेशनआधीच जनुकीय तपासणी करून काही फायदा?

माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा तेव्हाच आहे. नेदरलँड्समधल्या निश-२ अभ्यासात, जो २०२४ साली प्रसिद्ध झाला, एमएमआर डेफिशियंट कोलन कॅन्सरच्या रुग्णांना ऑपरेशनआधी इम्युनोथेरपी दिली गेली. सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांच्या काढलेल्या आतड्यात जिवंत कॅन्सर उरलाच नव्हता. प्रत्येकाला हा मार्ग लागू नाही, पण ऑपरेशन होऊन गेल्यावर एमएमआर कळलं तर हा पर्याय विचारातही घेता येत नाही.

आईला लिंच सिंड्रोम निघाला. आम्हा मुलांचं काय?

आईत सापडलेला बदल प्रत्येक मुलात, मुलगा असो वा मुलगी, येण्याची शक्यता ५० टक्के. रक्ताच्या तपासणीत तो नेमका शोधता येतो. ज्यांच्यात तो नाही, त्यांना लिंचची काळजी नाही. ज्यांच्यात आहे, त्यांची कोलोनोस्कोपी सहसा विशी-पंचविशीपासून दर एक ते दोन वर्षांनी करतात (एमएसएच६ आणि पीएमएस२ मध्ये थोडी उशिरा), आणि बायकांनी गर्भाशयाच्या कॅन्सरबाबत स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलावं. लग्नाच्या वयाच्या मुलीची ही तपासणी ‘बाहेर कळेल’ म्हणून टाळणारी कुटुंबं मी पाहतो. मला त्यांची भीती समजते, पण तपासणी गुप्त ठेवता येते. टाळल्याने जीन नाहीसं होत नाही.

ऑपरेशन गोंदियाला (किंवा चंद्रपूर, गडचिरोलीला) झालं. नमुना नागपूरला आणताना काय काळजी घ्यायची?

नमुना कोरडा किंवा सलाईनमध्ये आणू नका. १० टक्के बफर्ड फॉर्मलिन हवं, आणि तेही नमुन्याच्या साधारण दहापट. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा फॉर्मलिनबाहेर राहिलेलं आतडं काही तासांत खराब होऊ लागतं. मग नोड ओळखणंही अवघड जातं आणि एमएमआरचा रंगही नीट येत नाही. डबा मोठ्या तोंडाचा असावा, त्यावर नाव, वय, तारीख आणि आतड्याचा भाग लिहिलेला असावा, बरोबर ऑपरेशनच्या नोंदीची प्रत असावी.

आणि एक कळकळीची विनंती: नमुना कापून दोन लॅबमध्ये अर्धा-अर्धा देऊ नका. दोन रिपोर्ट जुळतात का ते पाहू, या विचाराने लोक असं करतात. त्यात नोडची मोजणी कायमची बिघडते, कारण कुठल्याच लॅबला पूर्ण चरबी मिळालेली नसते. खात्री करायची असेल तर एकाच लॅबमध्ये पूर्ण नमुना द्या आणि नंतर स्लाईड दुसरीकडे दाखवा.

खर्चाचं काय?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं आणि किमो येतात, वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत. कुठली तपासणी पॅकेजमध्ये बसते हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारा. चार प्रथिनांची एमएमआर तपासणी मोठ्या जनुकीय पॅनेलपेक्षा खूप स्वस्त असते. पैसे मोजकेच असतील तर ती आधी करा, मोठं पॅनेल पहिल्या तीन स्टेजमध्ये सहसा थांबू शकतं.

मुंबईला टाटामध्ये दाखवायचं आहे. सोबत काय न्यायचं?

नुसता रिपोर्ट पुरत नाही. लॅबकडून पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेले नमुन्याचे तुकडे) आणि स्लाईड मागून घ्या: गाठीचे सर्व ब्लॉक, नोडचे ब्लॉक, आणि कुठल्या ब्लॉकमध्ये काय आहे याची यादी. कोलोनोस्कोपीच्या बायोप्सीचा ब्लॉक वेगळ्या लॅबमध्ये असेल तर तोही. रिपोर्टची मूळ प्रत, पुरवणी रिपोर्ट असल्यास तो, ऑपरेशनची नोंद आणि सीटीची सीडी बरोबर असू द्या. ब्लॉक उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, मेण वितळतं. काम झालं की ब्लॉक परत आणून मूळ लॅबमध्ये जमा करा आणि पोच घ्या, पुढे कधी आजार उलटला तर नव्या तपासण्या त्याच ब्लॉकवर कराव्या लागतात.